पाचव्या दिवसाचे पक्षी

नगरला तीस वर्षं चर्चचे पाळक असलेले रविकांत साळवे बायको गेल्यावर वर्षभराने पहिल्यांदाच लेकीकडे जपानला आले. लता तिथे डायनासोरच्या जीवाश्मांवर संशोधन करत होती. त्यापायीच बापलेकीचं बोलणं सहा वर्षं बंद होतं.

टोकियोतल्या फुनाबोरीला तिचं घर होतं; तिथून दोन ट्रेन बदलून ती त्यांना आपल्या म्युझियममध्ये घेऊन गेली. काचेपलीकडे, दगडात, डायनासोरची एक मादी अंड्यांवर पंख पसरून बसली होती.

"पप्पा, यांच्यापासूनच पुढे पक्षी झाले," लता हळूच म्हणाली.

"खोटं आहे. देवाने पक्षी निर्माण केले पाचव्या दिवशी आणि जमिनीवरचे पशू सहाव्या. आधी झालेला पक्षी नंतरच्या पशूपासून कसा येईल?"

वाद घालायचा नाही, असं लताने घरून निघतानाच ठरवलं होतं. "बरं," ती म्हणाली.

पण ते काचेपासून हलेनात. "हिला पळता आलं नाही?"

"आलं असतं. वाळू कोसळत होती, तरी अंडी सोडून उठली नाही."

त्यांनी काचेला हात टेकला.

"तुझी आई शेवटी सारखी तुलाच बोलवत होती. मी तिला सांगितलं, लताला फोन केला होता, ती येत नाही म्हणाली."

लताला नगरहून फोन आला होता तो एकच, दफन उरकल्यावर.