रिकाम्या ट्रकचं वजन

रेल्वेच्या कोठारात गहू ओतून आल्बी ट्रेविनने रिकामा ट्रक वजनकाट्यावर घेतला, तेव्हा काट्याच्या खिडकीत बसून वजनं नोंदवणाऱ्या उनाच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"आल्बी, मागे कुणाला लपवलंयस? तुझं वजन धरूनही ट्रक एकशे अडुसष्ट पौंड जास्त भरतोय. सोमवारपासून रोज."

"काटा म्हातारा झालाय, तुझ्यासारखा."

"बाकीच्यांचे ट्रक बरोबर भरतात, शहाण्या."

आल्बीचा भागीदार डेस गमतीने याच काट्यावर उभा राहायचा, तेव्हा तेवढाच भरायचा. गेल्या उन्हाळ्यात उतारावर डेस ट्रकखाली शिरून दुरुस्ती करत होता आणि हँडब्रेक आपोआप सुटून तो चिरडून मेला, असं आल्बीने सगळ्यांना सांगितलं होतं. आपला हात ब्रेककडे जाताच डेसने खालून त्याला हाक मारली होती, हे सांगितलं नव्हतं.

उनाने सोमवारसारखीच आजही पुढची आणि मागची चाकं वेगवेगळी तोलली.

"गंमतच आहे. सोमवारी हे जास्तीचं वजन मागच्या चाकांवर होतं. आज ते पुढच्या चाकांवर आलंय."

आल्बीने हळूच शेजारच्या सीटकडे पाहिलं. तिथे ठेवलेली त्याची टोपी चेपून सपाट झाली होती.

त्याने दार ढकललं, खाली उडी मारली आणि काट्यापासून चार पावलं लांब जाऊन उन्हात थांबला.

"आता कसा बरोबर आला!" खिडकीतून उना हसत ओरडली. "तुझंही वजन गेलं आणि ते जास्तीचंही. दोघं मिळून उतरलात की काय?"