चौकटीवरच्या रेघा

शिंपीणबाई आठ वर्षांच्या असताना त्यांच्या ज्यू कुटुंबाने ते शहर कायमचं सोडलं. पन्नास वर्षांनी त्या लेकीला जुनं घर दाखवायला आल्या.

आता तिथे एक निवृत्त नर्स एकट्या राहत होत्या. "या ना. ही दाराची चौकट मी कधी रंगवली नाही. कुणाच्या तरी मुलीची उंची आहे तिच्यावर. पुसायला मन धजेना."

शिंपीणबाईंच्या दर वाढदिवसाला त्यांचे वडील तिथे रेघ ओढून शेजारी हिब्रू अक्षरांत वर्ष लिहायचे. लेकीला ती लिपी येत नव्हती.

बाईंना आठवी रेघ सापडली. तिच्यावर नववी होती, मग दहावी. अक्षर वडिलांचंच होतं. ते तर परक्या मुलखात केव्हाच मातीआड झाले होते.

रेघा बाईंच्या डोक्यापर्यंत चढल्या होत्या, तिथे दाटीवाटीने थांबल्या होत्या आणि मग वयाने वाकल्यासारख्या किंचित खाली उतरल्या होत्या. त्यांत यंदाचं वर्षही होतं. त्याच्याखाली आणखी दोनच रेघा होत्या, येत्या दोन वर्षांच्या.

"आई, शेवटी काय लिहिलंय गं?"

बाईंनी त्या दोन रेघांवर तळहात दाबून धरला.

"काही नाही. चल, निघू या," त्या म्हणाल्या, पण हात काही उचलवेना.