वाट्याचा पेढा

पेढ्यांचा डबा बोगद्यावरच्या सगळ्यांपुढे फिरला. भूशास्त्रज्ञ परुळेकर मॅडमच्या केबिनपाशी मात्र झोरे फोरमननं झाकण लावलं आणि तो सरळ पुढे गेला.

पोरीचा साखरपुडा त्याच्यावाचून झाला होता. काय तर म्हणे, पुढचा खडक तपासायला मारलेल्या भोकांतून गढूळ पाणी आलं! मॅडमनी लगेच खोदकाम थांबवलं. आधी त्या भोकांतून आत सिमेंट भरायचं, मगच पुढे जायचं. त्यात झोरेची रजा बुडाली. "घोटभर पाण्याला भ्याली बाई," असं तो ज्याला त्याला सांगत सुटला.

सिमेंट घट्ट झाल्यावर सुरुंग उडाला. धूर निवळला तशी माणसं पुढे सरकली आणि जागच्या जागी थबकली. समोर खडक नव्हताच. छतापासून तळापर्यंत नुसता पिवळा चिखल उभा होता आणि सिमेंटच्या करड्या शिरांनी त्याला जागोजाग बांधून ठेवलं होतं. झोरेनं पहार टोचून पाहिली. ढेकूळसुद्धा हललं नाही. सिमेंट नसतं तर हा चिखल कुणाच्या अंगावर आला असता, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. सगळ्यांत पुढे तोच उभा असायचा.

संध्याकाळी केबिनच्या दारात त्यानं डबा उघडला. आत एकच पेढा होता, त्याच्या वाट्याचा.

"जरा सुकलाय, मॅडम. पोरीच्या साखरपुड्याचा हाय."

"साखरपुडा माझ्यामुळेच हुकला ना तुमचा?"

"हुकला खरा," तो म्हणाला. "पण लग्नाला मी हाय न्हवं!"