बुधवारची दुपार

सकाळी अप्पांना शर्ट चढवताना वरून दुसरे बटण लेकीच्या हातातच आले.

त्याआधी दाढी झाली होती, कवळी बसवून झाली होती, दुधात भिजवलेला पाव चमच्याचमच्याने भरवून झाला होता. अर्धांगवायूने वडिलांचा उजवा हात लुळा पडल्यापासून प्रत्येक सकाळ याच क्रमाने जाई आणि याच क्रमाने तिचे डोके फिरे.

"बटणाला दोऱ्याची मान लागते," अप्पा म्हणाले. त्यांचा जन्म शिंपीकामात गेला होता. "खाली वेढे देऊन त्याला उचलून धरावं लागतं. कारखान्यातल्या शिलाईला कसली आलीय मान!"

"त्या मानेचं नंतर बघू, अप्पा. आधी माझी मोडायची वेळ आलीय." तिने बटण त्यांच्या खिशात टाकले.

तेवढ्यात बेल वाजली. संस्थेच्या तपासनीस बाई आल्या होत्या. म्हाताऱ्यांचे करणाऱ्या घरच्या माणसांना आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून संस्था मदतनीस पाठवत असे. त्याचा खरोखर उपयोग होतो का, हे बाईंना पाहायचे होते.

"मदत होते का तुम्हाला?"

"मदत?" ती उसळली. "ती यायच्या आधी मीच घर आवरायचं, औषधं काढून ठेवायची, वर तिला समजावून सांगायचं. ती मात्र अप्पांचं शब्दकोडं सोडवत बसणार, तेही कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात! मी परत आल्यावर चहाचे दोन-दोन कप मीच विसळायचे. आणि सुई हातात दिली, तर बाईसाहेबांना दोरा ओवता येत नाही."

"मग बंद करू या?"

बुधवारी दुपारी ती औषधे आणायला म्हणून बाहेर पडे आणि तरणतलाव गाठे. पाण्याखाली तिला कुणाचीही हाक ऐकू येत नसे.

"बंद नको," ती पुटपुटली.

"ते सगळं तुमच्या हातात नाही. वडील स्वतःचं स्वतः करू लागले की आमचा माणूस दुसऱ्या घरी जातो. ताटकळणारे पुष्कळ आहेत." समोरचा चहाचा कप उचलून बाई अप्पांकडे वळल्या. "आजोबा, हा कप धरता?"

कप क्षणभर हवेत थरथरला आणि खाली पडून फुटला. सगळा चहा फरशीवर सांडला. शर्टावर मात्र थेंबही उडाला नाही.

"झालं!" ती फडके आणायला धावली. "अहो, डावा हात तरी लावायचा!"

"त्याला काय धाड भरली होती, विचारतो," अप्पा म्हणाले.

बाई उठल्या. "एक प्रश्न राहिलाय. संध्याकाळी फोन करते."

दुपारी मदतनीस आली. "ताई, निवांत जा," ती नेहमीसारखे म्हणाली.

"निवांत म्हणे!" असे फणकारून ती बाहेर पडली.

ती परतली तेव्हा मदतनीस चपला घालत होती. अप्पा खुर्चीत बसले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवर निपचित पडला होता.

"केस नीट पूस," ते म्हणाले. "औषधांच्या दुकानात हल्ली फार पाणी दिसतंय."

ती चपापली. घाईघाईने वाकून त्यांचा शर्ट काढू लागली. वरचे बटण काजातून सुटले. बोटे सवयीने खाली सरकली आणि तिथेच थांबली.

दुसरे बटण जागेवर होते. कापडापासून किंचित उचललेले, आणि खाली दोऱ्याचे घट्ट वेढे. एक वेढा जरासा वाकडा गेला होता.

तिने वर पाहिले. अप्पा खिडकीबाहेर बघत होते.

फोन वाजला. "शेवटचं विचारते," तपासनीस बाई म्हणाल्या. "वडिलांच्या हातात काही सुधारणा?"

फोन खांद्याशी धरून तिने ते बटण हलक्या हाताने काजातून सोडवले.

"कसली सुधारणा, बाई!" ती वैतागून म्हणाली. "साधं बटणसुद्धा लावता येत नाही त्यांना."