पदराखालचा डबा

धाकट्या शिवानीनं घरीच चॉकलेट चिप कुकीज केल्या, तर सासूबाईंनी त्या गल्लीभर वाटल्या. वर थोरल्या शिवगंगेला ऐकवलं, "धाकटीच्या हाताला काय चव हाय, शिक जरा."

शिवगंगेनं इरेला पेटून कुकरमध्ये करून पाहिल्या, तर सगळ्या खालून करपल्या. जावेचं कौतुक काही गिळवेना. शेवटी तिनं पीठ मळून डबा पदराखाली घेतला आणि दिवाळीत घरच्या पिठाची बिस्किटं भाजून देणारी गोलाई बाजारामागची भट्टी गाठली.

"चाचा, एवढं भाजून द्या. पण आमच्या घरी कळू देऊ नका."

चाचांनी डबा उघडून पाहिला.


"फिकर करू नका वहिनी. तुमच्या सासूबाई बी धाकट्या सुनेचा डबा आणतात, तवा हेच सांगतात."