यानावरचा आचारी

दिवे लागले तरी तिसऱ्या रांगेतल्या आजी उठल्या नाहीत.

बाकीच्यांनी वाचनालयाचा हॉल डोक्यावर घेतला होता. साठेक माणसं असतील, पण टाळ्या सहाशेंच्या. कवळीवाला दाराशी उभा राहून एकेकाचा हात हातात घेत होता. दातांच्या कवळ्या बनवणं हा त्याचा पोटापाण्याचा उद्योग. जीव मात्र अडकला होता अंतराळयानाच्या एका जुन्या चित्रपटमालिकेत. तिचे पाच भाग. पहिला सोन्यासारखा, पुढचे चार पाणी घालून वाढवलेले. ते पाचही घेऊन तो आणि त्याची धाकटी बहीण तीन वर्षं संगणकासमोर बसले होते. कापत गेले, जोडत गेले. पाचांचे दोन झाले. गोष्ट आता कुठे अडखळत नव्हती.

सगळ्यांत आधी त्यांनी यानावरचा आचारी उडवला. भावाबहिणीचं वाद न घालता एकमत झालं ते तेवढ्याच बाबतीत. ऐन संकटात हा भांडी आपटायचा, नको तिथे विनोद करायचा. चौथ्या भागात तो एका बंद दारामागे गुदमरून मरायचा, तेव्हा थिएटरात टाळ्या पडायच्या. एका प्रसंगात त्याचं कोपर तेवढं कडेला उरलं होतं. बहिणीनं आठवडाभर बसून तेही पुसलं.

तीच आता आजींजवळ गेली. “आजी, संपला सिनेमा. हात देऊ का?”

“संपला?” आजी म्हणाल्या. “आणि दुसरा भाग?”

“दोन्ही झाले की.”

“पण आचारी आलाच नाही.”

हे ऐकून कवळीवाला हसत पुढे आला. “त्याला काढला, आजी. मुळासकट. नखसुद्धा ठेवलं नाही. गोष्टीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता.”

आजींनी मान हलवली. कोऱ्या पडद्याकडे बघत राहिल्या.

“चांगला झालाय,” त्या म्हणाल्या. “सुटसुटीत झालाय.” मग जरा थांबून, “माझा मुलगा तो.”

कवळीवाल्याचं हसू तोंडावरच राहिलं. बहीण शेजारच्या खुर्चीत बसली.

आजी सांगत गेल्या. सिनेमात त्याला मिळालेलं तेवढंच एक काम. घरीही असाच होता, सदा काहीतरी पाडायचा आणि वर स्वतःच हसायचा. चौथा भाग लागायच्या आधीच गेला. शेवटचे चार दिवस त्याला श्वास पुरत नव्हता, उशाशी ह्याच होत्या. पहिले तीन भाग त्यांनी किती वेळा पाहिले त्याला गणती नाही. चौथा कधीच लावला नाही.

“एकदा बघितलंय ते,” त्या म्हणाल्या. “परत नाही बघवत.”

हॉल रिकामा झाला होता. कोणीतरी मागच्या खुर्च्या आवरत होतं.

“आजी, आम्हाला खरंच ठाऊक नव्हतं,” बहीण म्हणाली. “पण यात चौथाही होता, मग आज मुद्दाम कशाला आलात?”

आजींनी कवळीवाल्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता. घर चुकलेल्या माणसानं पत्ता विचारावा, तशा त्या बोलल्या.

“परवा जागा राखायला मी फोन केला होता. विचारलं, यात आचारी मरतो का हो? तुम्हीच म्हणालात ना, नाही आजी, आमच्या सिनेमात तो मरत नाही.”