पाच घरांचा कायदा

व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठात प्रोफेसर लिन प्राचीन चिनी कायदा शिकवत आणि पीएचडी करणारी वल्लरी त्यांची असिस्टंट होती. त्या दिवशी विषय होता पाच घरांच्या गटाचा. एका घरात गुन्हा झाला आणि बाकीच्यांनी तो कळवला नाही, तर राजा त्यांनाही शिक्षा करायचा. बोलता बोलता लिनबाई आजच्या बीजिंगवर आल्या. ऑलिंपिक तोंडावर आलं होतं आणि तिथे विरोधात बोलणाऱ्यांना उचललं जात होतं.

तास संपल्यावर वल्लरी त्यांच्या केबिनमध्ये गेली.

"प्रोफेसर, तो चीनहून आलेला वेइ आहे ना, तुम्ही आजच्या सरकारबद्दल बोललात की तेवढंच टाइप करतो. तो तिकडे रिपोर्ट करतोय."

"माहीत आहे. म्हणून तर तिकडे आई वारली तेव्हा मला चीनचा व्हिसा मिळाला नाही."

"मग त्याला क्लासमधून काढा ना."

"त्याचे आईवडील तिकडे आहेत. त्याने काहीच कळवलं नाही, तर त्यांच्या दारावर थाप पडेल. आईनंतर माझं तिथे कुणी उरलेलं नाही."



पुढच्या तासाला लिनबाईंनी सरकारवर आणखी कडक टीका केली. वेइची बोटं मागे पडताहेत असं दिसल्यावर त्या थांबल्या आणि तेच वाक्य त्यांनी पुन्हा एकदा, सावकाश सांगितलं.